उपरण्याखालचा सौदा

आमच्या मजल्यावरचे भिकूतात्या टीव्हीतल्या दुकानदाराशी घासाघीस करताना खेळाचा कंट्रोलर उपरण्याखाली झाकून धरतात. दुकानदाराला बोटं दिसू नयेत म्हणून.

इरा, निहार, तुम्ही नातवंडं हसाल, म्हणून आधी कारण सांगते. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवतात. भोवती उभ्या असलेल्या दहा माणसांना काही कळत नाही. तात्यांनी सारा जन्म मेंढरं राखली आणि अशीच विकली. आमची पुण्याजवळच्या सूसमधली ही सोसायटी त्यांच्याच माळावर उभी आहे. जमिनीच्या बदल्यात त्यांना आमच्या समोरचा फ्लॅट मिळाला. त्यात ते एकटे राहतात.

मी रोज चार वाजता त्यांच्याकडे जाते, कारण खेळ इंग्रजीत आहे. "बाई, ह्ये काय लिवलंय?" असं ते विचारतात आणि मी वाचते. इतकी वर्षं कॉलेजात इंग्रजी कविता शिकवल्या; आता 'शिळा पाव, तीन' आणि 'लांडग्याचं कातडं, फाटलेलं' हे तितक्याच गांभीर्याने वाचते.

हा खेळ कसला ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. डोंगर, गावं, किल्ले; कुठेही जा, काहीही करा. लोक त्यात राक्षस मारतात. तात्यांनी अजून कोणालाही मारलेलं नाही. ते फक्त व्यापार करतात आणि लपतछपत फिरतात.

व्यापाराची त्यांची शिस्त आहे. दुकानात शिरल्यावर लगेच विकायचं नाही. आधी बाहेर यायचं, गावाला एक फेरी मारायची, दुकानदाराचं घोडं निरखायचं. मग परत जाऊन तोच माल दाखवायचा. भाव तोच दिसला की तात्या पुन्हा निघतात. "येड्या, गिऱ्हाईक चाललंय," असं टीव्हीला बजावून दाराकडे वळतात आणि वळताना खरंच मागे पाहतात, हाक येते का म्हणून. इरा, मी तुला फोनवर विचारलं तेव्हा तू म्हणालीस, आजी, तो दुकानदार माणूस नाही, तो हाक मारणार नाही. पण तूच पुढे म्हणालीस की विक्री करत राहिलं तर खेळातल्या माणसाचं सौदा करण्याचं कसब वाढतं आणि भाव खरोखर सुधारतो. तसा तो सुधारला. त्यानंतर आठवडाभर तात्या असे फुशारले की त्यांच्याशी बोलणं अवघड झालं होतं.

लपण्याचं तंत्र त्याहून कडक. पडद्यावरचा माणूस वाकून चालू लागला की तात्या सोफ्यावरून उतरून जमिनीवर उकिडवे बसतात. मला चपला काढायला लावतात. एकदा पंखा बंद केला. वारं पाठीमागून होतं आणि पहारेकऱ्याच्या कुत्र्याला वास गेला असता. मी म्हटलं, तात्या, वारा आपल्या खोलीत आहे, कुत्रा त्यांच्या गावात. ते म्हणाले, "तुमी कवा लांडगा बगितलाय?" मी पाहिलेला नाही. पंखा बंदच राहिला.

वाटेत डोंगरावर मेंढ्या चरताना दिसल्या की सगळं काम थांबतं. त्यांना राखणदार नाही, याचा तात्यांना मनस्वी राग आहे. अर्धा अर्धा तास त्यांच्या मागे फिरून त्यांना खडकाच्या आडोशाला लोटतात. खेळात याचं काही बक्षीस नाही.

पण एवढा माल जमवून ते करतात काय, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. गावाच्या टोकाला एक लहान घर आहे, त्यांचं नाही, कुणा दुसऱ्याचं. तात्या कुत्री आणि पहारेकरी चुकवत त्यात शिरतात, खाटेजवळच्या पेटीत पाव, औषधाच्या बाटल्या, चांगले जोडे ठेवतात आणि तसेच आल्या पावली बाहेर येतात. चोर ज्या वाटेने नेतो त्या वाटेने हे आणून देतात.

विचारलं तेव्हा म्हणाले, "सोपानचं हाय त्ये. हितं ऱ्हायचा तवा त्येच घर धरून खेळायचा."

सोपान त्यांचा मुलगा. हिंजवडीला नोकरीला होता. तात्यांनी सगळी मेंढरं एका सकाळी विकली, त्याला न सांगता. तो कामावरून आला तेव्हा सोसायटीमागचा मेंढरांचा वाडगा रिकामा होता. एक तरी मेंढी ठेवा, असं त्याने आधी कितीदा सांगितलं होतं म्हणे. भांडण मेंढरांवरून झालं. आधीचंही बरंच साचलेलं असणार. तो बंगळूरला गेला. कपडे नेले, हा खेळ टीव्हीसकट इथेच राहिला. दोन वर्षं झाली, तो बापाचा फोन उचलत नाही.

त्याच्या मित्राने तात्यांना सांगितलं होतं की सोपानने तिकडे असाच खेळ घेतलाय. इथे खेळ सुरू केला की पडद्यावर अजून सोपानचंच नाव येतं. तात्यांचा हिशेब सरळ होता: रेशनकार्ड एकच असलं की घरातल्या कुणीही जाऊन धान्य आणावं; तसं नाव एकच, तर पेटीही एकच, तो तिकडून उघडणार. ते पेटीत माल ठेवतात आणि आठ-दहा दिवसांनी पेटी रिकामी असते.

"न्हेतो," ते मला म्हणाले. "बोलत न्हाई, पर न्हेतो."

इरा, हे मी तुला सांगितलं.  तेव्हा तू समजावलंस की आपल्या मालकीची नसलेली पेटी खेळ स्वतःच ठरावीक दिवसांनी रिकामी करतो. कोणी काही नेत नाही. घर विकत घेतलं तर मात्र ठेवलेलं तसंच राहतं.

तीन दिवस मी त्यांच्याकडे गेले नाही. मला चुकीची गोष्ट तशीच सोडून देता येत नाही. मुलांच्या वह्यांत कधी सोडली नाही. चौथ्या दिवशी गेले आणि सांगितलं. सगळं नाही सांगता आलं. एवढंच म्हटलं की दुसऱ्याच्या घरात ठेवलेला माल खेळ आपोआप काढून टाकतो, असं इरा म्हणते. ते घर विकत मिळतं. तुमच्याकडे तेवढी नाणी कधीच जमली आहेत. घेऊन टाका, म्हणजे माल राहील.

तात्या टीव्हीकडे बघत होते. पडद्यावरचा माणूस वाकलेला, तसाच थांबला होता.

"ठावं हाय मला, घर मिळतंय त्ये," ते म्हणाले. "येक पावसाळा झाला पैकं जमून."

"मग?"

"घर घेतलं तर पेटी भरलेलीच ऱ्हाईल की वो, बाई."

 त्यांनी कंट्रोलर उचलला, घरात शिरले, पेटी उघडली. रिकामी होती. आदल्या दिवशी कुठल्याशा डोंगरगावातून त्यांनी नवीन काही आणलं होतं. त्यावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, काय लिहिलंय.

मी वाचलं: लोकरीचं जाड पांघरूण, थंडीत उपयोगी.

 माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बंगळूरला थंडी आसती का?"

तुमच्या आजोबांच्या नोकरीमुळे आम्ही तिथे चार वर्षं काढली. साधा स्वेटर कधी ट्रंकेबाहेर काढावा लागला नाही.

"असते," मी म्हटलं. "पहाटे तर फार असते."