तक्रारदाराची खुर्ची

शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाक करायचा नाही, असं मार्ग्रित फेस्लरनं एका सोमवारी कपडे वाळत घालताना ठरवलं. एवढंच तिनं केलं. झ्युरिकजवळच्या सांक्ट गालन शहरात पुढच्या तीन महिन्यांत जे रामायण घडलं, त्याचं खापर ती स्वतःच्या डोक्यावर घ्यायला अजूनही तयार नाही, आणि आमच्या मते तिचं बरोबर आहे.

"मग जेवायचं काय?" तिचा नवरा आलोइस म्हणाला.

"बाहेर. दर शुक्रवारी नवं हॉटेल. या शहरात एकोणीस देशांचं जेवण मिळतं आणि आपण चाळीस वर्षं एकाच देशाचं खातोय."

"कारण आपण त्याच देशात राहतो!"

"मी जाणार आहे. तू ये, नाहीतर घरी चीज-पाव खा."

आलोइस फेस्लर हा वजनमापं खात्याचा निवृत्त इन्स्पेक्टर. बियरच्या ग्लासावरची रेघ दोन मिलिमीटर खाली असली तरी दुकानदाराला घाम फोडणारा माणूस. निवृत्तीनंतर खातं सुटलं, अधिकार गेला, संताप मात्र शिल्लक राहिला. तो कुठं ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

त्याला बाहेर जेवायचं वावडं होतं असं नाही. दर गुरुवारी दुपारी तो 'सोनेरी मेंढा' या खानावळीत जायचा. तिथं कोपऱ्यात नेहमीच्या मंडळींचं गोल टेबल होतं आणि त्या टेबलाशी, शेगडीकडे पाठ करून, आलोइसची खुर्ची होती. एकतीस वर्षं. चुकून एखादा परका तिच्यावर बसलाच तर मालक गेबहार्ड नुसता टक लावून बघायचा, आणि तो माणूस सूप अर्धवट टाकून उठायचा. बायको, घर, पेन्शन आणि ही खुर्ची अशा आलोइसच्या आयुष्यात चार गोष्टी होत्या. (क्रम आम्ही लावलाय. त्याला विचारलं असतं तर वेगळा आला असता.)

पहिल्या शुक्रवारी दोघं एरिट्रियाच्या अबेबाबाईंच्या हॉटेलात गेली. टेबलावर परातीएवढं एकच ताट आलं. त्यात आंबोळीसारखी जाळीदार पोळी पसरलेली, तिच्यावर चार रश्शांचे ढीग. काटा नाही, सुरी नाही.

"माझं ताट कुठाय?" आलोइसनं विचारलं.

"हेच की," अबेबाबाई म्हणाल्या.

"मग हिचं?"

"तेही हेच."

"यातला माझा वाटा कुठं संपतो?"

"जिथं पोट भरेल तिथं, साहेब."

माप नसलेली वस्तू विकणं हा आलोइसच्या लेखी गुन्हा होता. त्यानं खिशातली टेप काढून ताटाचा व्यास मोजला आणि मध्यावर बोटानं सीमारेषा आखली. मार्ग्रितनं ती पहिल्याच घासात ओलांडली. तो रागानं लाल होऊन बसलेला पाहून अबेबाबाईंना त्याची दया आली. त्यांनी पोळीचा घास केला आणि तो "अहो, पण" म्हणायला तोंड उघडतोय तोच आत सरकवला. त्यांच्याकडे पाहुण्याचा मान असाच करतात. आलोइसच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अर्धी रागानं, अर्धी मिरचीनं.

घरी येऊन त्यानं शहराच्या पेपरातल्या वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी पत्र लिहिलं. 'एका अनोळखी बाईनं माझी परवानगी न घेता मला भरवलं! माझ्या बायकोनं चाळीस वर्षांत कधी भरवलेलं नाही! एकाच ताटात नवरा-बायकोचे हात एकमेकांना लागतात! हे शहर कुठं चाललंय?'

मंगळवारी पत्र छापून आलं. त्या शनिवारी अबेबाबाईंकडे बसायला जागा नव्हती. अर्ध्या शहरातली जोडपी हात लावून घ्यायला आली होती.

यातून माणसानं काहीतरी शिकावं. पण आलोइसला वाटलं, पत्र पुरेसं कडक झालं नसणार. दुसऱ्या शुक्रवारनंतर त्यानं स्टेशनमागच्या शिवनेसन यांच्या जाफनाच्या हॉटेलावर लिहिलं. 'ताट अठ्ठावीस सेंटिमीटरचं आणि डोसा एक्कावन्नचा! मी स्वतः मोजला. दोन्हीकडून बाहेर लोंबत होता! न मागता तीनदा सांबार वाढलं. साडेनऊ वाजले तरी स्वयंपाकघर चालू! मालकानं माझ्या गुडघ्याची चौकशी केली, आमची ओळखदेख नसताना!' त्यानंतर शिवनेसनच्या दारातली रांग बसथांब्यापर्यंत गेली. तिसऱ्या आठवड्यात तिबेटी मोमोंमधून निघालेल्या गरम रसानं आलोइसचा शर्ट खराब झाला. त्यानं त्यावर दीड रकाना लिहिला आणि त्या मोमोवाल्या पासांगला दोन आचारी वाढवावे लागले.

'मेंढ्या'त मात्र दुपारची टेबलं ओस पडायला लागली.

"वाच," एका गुरुवारी गेबहार्डनं पेपर आलोइससमोर आपटला. "माझी गिऱ्हाइकं तुझी पत्रं वाचून डोसे मोजायला गेलीयत!"

"अरे, मी तर शिव्या दिल्या!"

"तुझ्या शिव्या वाचून मलाच भूक लागली," गोल टेबलावरचा बेकरीवाला नॉर्बर्ट म्हणाला. "परवा बायकोला घेऊन मी पण गेलो होतो. बावन्न भरला माझा."

मग आलोइसनं मैत्रीला जागायचं ठरवलं. खरी खानावळ कशी असते हे शहराला एकदा दाखवून द्यायचंच, म्हणून त्यानं जन्मात पहिल्यांदा स्तुती लिहिली. इथंच घात झाला, कारण त्याला स्तुतीची सवय नव्हती. 'सोनेरी मेंढ्या'चं मेनूकार्ड सत्त्याऐंशी सालापासून बदललेलं नाही, असं त्यानं अभिमानानं लिहिलं. पावणेदोनला स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद, हेही लिहिलं. आणि शेवटी, मालकाचं मन किती मोठं आहे ते सांगताना, हे वाक्य: 'गेल्या शरदात झ्युरिकच्या एका पाहुण्यानं अज्ञानापोटी भाजलेल्या सॉसेजबरोबर मोहरीची चटणी मागितली, तेव्हा आमच्या गेबहार्डनं त्याचा अपमान न करता ती मागच्या कपाटातून झाकून आणून दिली.'

सांक्ट गालनमध्ये सॉसेजला मोहरी लावणं म्हणजे सॉसेजच्या तोंडावर थुंकणं. ती बाहेरच्यानं लावली तर एकवेळ चालेल. पण आपल्याच गावचा खानावळवाला ती कपाटात बाळगतो?

शनिवारी दुपारपर्यंत पुरुषांच्या गायनमंडळानं 'मेंढ्या'तलं वार्षिक जेवण रद्द केलं. तीन पिढ्या सॉसेज पुरवणारा खाटीक स्वतः येऊन कपाट उघडून बघून गेला. पुढच्या गुरुवारी आलोइस नेहमीप्रमाणे बाराला पोचला. गोल टेबलाशी खुर्च्या होत्या चार. पाचवी नव्हती.

"माळ्यावर ठेवलीय," गेबहार्ड म्हणाला.

"माझी खुर्ची? गेबहार्ड, मी तुझं कौतुक केलं!"

"कौतुक? माझ्या आजोबांनी हे दुकान काढलं. दोन महायुद्धं बघितली या दुकानानं. त्या युद्धांनी जे केलं नाही ते तुझ्या कौतुकानं केलं. जा तू."

आलोइसनं नॉर्बर्टकडे पाहिलं. नॉर्बर्ट सुपात बघत होता. एकतीस वर्षांची मंडळी आणि एकालाही मान वर करवेना! आलोइस संतापानं पाय आपटत घरी आला, आणि खरं सांगायचं तर संताप वरवरचा होता. आतून त्याला रडू येत होतं. गुरुवारी बाराला कुठं जायचं हे एकतीस वर्षं ठरलेलं होतं, आणि आता पुढं नुसते गुरुवारच गुरुवार दिसत होते.

मार्ग्रितनं त्याच्यापुढं कॉफी ठेवली. ती म्हणाली, "आलोइस, तुझ्या तक्रारीनं हॉटेल चालतं आणि स्तुतीनं बसतं. एवढं शहराला कळलं, तुला कसं कळत नाही?"

"म्हणजे?"

"म्हणजे गेबहार्डची तक्रार कर. मनापासून कर."

"गेबहार्डविरुद्ध? मी? छे! काय तक्रार करणार? तिथं दोष असा नाहीच."

तो जड मनानं कागद घेऊन बसला. अर्ध्या तासात चार पानं झाली. दारातून वारा थेट मानेवर येतो. गेबहार्ड 'या' म्हणत नाही आणि 'जा'ही म्हणत नाही. बटाटे एकदा कच्चे, एकदा जळके. सुपात चमचा उभा राहतो, पण सूप येईपर्यंत माणूस उभा राहत नाही. एकतीस वर्षं साठलेलं धरण फुटलं होतं. शेवटी नॉर्बर्टवरचा रागही काढला. नाव न घेता, कारण आलोइस सभ्य माणूस: 'आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी एक गृहस्थ दर गुरुवारी बारा ते पावणेदोन बसून साऱ्या जगाबद्दल कुरकुर करत असतात. त्यांच्या कुरकुरीनं दूध नासेल. हे सहन करत जेवावं लागतं.'

शनिवारी पत्र छापून आलं. मंगळवारी गेबहार्डचा फोन आला. "गुरुवारी ये," म्हणाला आणि ठेवला.

आलोइस पावणेबारालाच पोचला. 'मेंढ्या'च्या दाराबाहेर रांग होती! आत एक टेबल रिकामं नव्हतं. शिवनेसन सहकुटुंब आले होते, अबेबाबाई खिडकीशी बसून सुपात चमचा उभा करून बघत होत्या, झ्युरिकची एक अख्खी बस आली होती. आणि कोपऱ्यात, शेगडीकडे पाठ करून, आलोइसची खुर्ची. पुसून ठेवलेली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो बसला. नॉर्बर्टनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गेबहार्डनं स्वतः सॉसेज आणून समोर ठेवलं. इतका सुखी गुरुवार त्याला आठवत नव्हता.

"छान झालंय, गेबहार्ड," तो म्हणाला. "सगळं अगदी छान आहे."

सारी खानावळ गप्प झाली. पन्नास माणसं मान वळवून त्याच्याकडे बघत होती. एकानं तर खुर्चीवर उभं राहून फोटोसाठी मोबाइल धरला होता.

"छान काय म्हणतोस, गाढवा?" गेबहार्ड त्याच्या कानाशी कुजबुजला. "कुरकुर कर! लोक त्यासाठीच आलेत."

"माझी? अरे, ते नॉर्बर्टबद्दल लिहिलं होतं!"

"माझ्याबद्दल?" नॉर्बर्टनं घास खाली ठेवला. "मला वाटलं, तू स्वतःची कबुली दिलीस. सगळ्या गावाला तेच वाटलं."

आलोइसनं तोंड उघडलं. सगळ्या खानावळीनं श्वास रोखला. पण आज खुर्ची परत मिळाली होती, पाठीला ऊब होती आणि सॉसेज खरोखरच चांगलं भाजलेलं होतं. त्याला एकही तक्रार सुचेना. तो कसनुसा हसला.

झ्युरिकच्या टेबलावरची एक म्हातारी शेजारणीकडे झुकली.

"हेच का ते?" ती निराश होऊन म्हणाली. "पत्रात बरेच चिडके वाटले होते."