मंडप पारावर गेला

"मागचं कुठंय?" कडूबानं विचारलं.

शोरूममधला हेमचंद्र हसला. "मागचं नसतंच काका. केबिन आणि चेसिस, एवढंच मिळतं. मागं तुम्हाला हवी तशी बॉडी बांधून घ्यायची."

"हवी तशी?"

"अगदी हवी तशी."

कडूबा गाडीभोवती हात जोडून फिरला. पुढं चकचकीत केबिन, मागं दोन लांबलचक काळ्या तुळया, आणि वर नुसतं आभाळ. जन्मात त्याला हवी तशी कुठलीच गोष्ट मिळाली नव्हती; लग्नातला कोटसुद्धा थोरल्या भावाच्या मापाचा. पिशोरचा त्याचा मंडपाचा धंदा आजवर भाड्याच्या टेम्पोवर चालला होता. त्यानं तिथंच कागदांवर सही केली.

गाडी गारखेड्यातल्या एका बॉडीवाल्याच्या दारात उभी राहिली आणि तिथंच सगळं अडलं. मंडपाचे खांब लांब, म्हणून कडूबाला फळ्या उंच हव्या होत्या. मग खुर्च्या चढवायच्या म्हणून बुटक्या. वर पत्रा. नको, ताडपत्री. बॉडीवाला वेल्डिंगला बसला की हा ओरडायचा, "थांबा, थांबा!" एकदा बॉडी बसली की 'हवी तशी' संपलं, याचीच त्याला धास्ती.

"अवं, परवा लग्न हाय," त्याची बायको मनकर्णाबाई म्हणाली. "लासूर स्टेशनच्या कारभारी अण्णाच्या पोरीचं. तिथं नाक कापलं गेलं तर त्या बाजूला आपल्याला कुणी सतरंजी बी मागणार नाय. तुम्हाला गाडी बांधायचीय का ओवाळायची?"

कडूबानं गाडी तशीच उघडी घरी आणली. बांधायचं म्हटलं तर त्याला एकच गोष्ट बांधता येत होती. लग्नाच्या पहाटे त्यानं तुळयांवर स्टेजची तख्तं दोरखंडानं आवळली, कडेनं खांब उभे केले, त्यांना कनाती गुंडाळून बांधल्या, गुलाबी छत ताणलं, झालर सोडली. छत वाऱ्यानं उडू नये म्हणून मधोमध झुंबर टांगलं. होतं नव्हतं ते कापड त्यातच संपलं.

"सामान न्यायला गाडी पाहिजे म्हणून सामानाचीच गाडी केली," मनकर्णाबाईनं कपाळावर हात मारला. पण नजर तिचीही हलेना.

वाटेत हवालदारानं शिट्टी मारली, जवळ आला, वर पाहिलं आणि टोपी काढली.

लासूरच्या तोंडाशीच नवरदेवाचं बिऱ्हाड होतं. नवरदेवाच्या मामानं गाडी पाहिली मात्र, घोडेवाल्याला ओरडून सांगितलं, "घोडा ने माघारी! नवरदेवाचा परण्या ह्याच्यातच मारुतीला निघणार!" कडूबा तोंड उघडेपर्यंत नवरदेव झुंबराखाली बसला होता आणि पुढं बँड सुरू झाला होता. मनकर्णाबाई कढया घेऊन रिक्षानं लग्नाच्या शेताकडं गेली.

मारुतीच्या पारावर फोन वाजला. कारभारी अण्णा.

"मंडप कुठंय रे?"

"पारावर हाय, अण्णा."

"पारावर नवरदेव जातो!"

"व्हय, त्यो बी मंडपातच हाय."

"आरं, माझी पोरगी उन्हात उभी, अन् तुझा मंडप देवदर्शन करतोय?"

कडूबानं फोन खिशात टाकला. आता धंदा बुडाला, असं म्हणतच त्यानं बँडला मागं टाकून गाडी शेतात घातली. बांधावरून गुलाबी छत डुलत वर आलं, तसं आख्खं वऱ्हाड उठून उभं राहिलं. शिव्या द्यायला पुढं आलेले अण्णा तोंड उघडं ठेवून तसेच थांबले. मग हळूच म्हणाले, "पोरीला वर घ्या."

अक्षता गाडीतच पडल्या. कडूबानं कडेच्या कनाती सोडून दोन्ही अंगाला बांबूंवर ताणल्या आणि त्या सावलीत पंगती बसल्या. शेवटची पंगत निम्म्यावर आली आणि नवरीनं सांगून टाकलं, "मी ह्याच्यातच सासरी जाणार."

"उन्हं उतरायच्या आत घरात पाऊल पडाय पाहिजे," नवरदेवाच्या मामानं केबिनच्या दारावर थाप मारली. "चल!"

अण्णांनी डोळे पुसत मान हलवली. लेकीपुढं त्यांचं काय चालणार? कडूबानं ताणलेल्या कनातींसकट गाडी काढली. थोडं पुढं जाऊन त्यानं भीतभीत आरशात पाहिलं. कुणी बांबू खांद्यावर घेतले होते, बाकीचे पत्रावळी हातात धरून सावलीतून चालत होते, आणि मनकर्णाबाई वरणाची बादली घेऊन, "वाढू का? लाजू नगा!" करत पंगतीतून फिरत होती.

कडूबानं गाडी पहिल्या गिअरवरच ठेवली. वरण सांडायला नको.