बाथरूमचं दार, पुराव्यासह

माझ्याशी खोटं बोलून आजवर कुणी सुटलेलं नाही! माझ्या फोनवर प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो आणि समोरच्याला पत्ताही लागत नाही. बायकोला हे ऐटीत सांगितलं, तर ती पडद्याकडे बघत म्हणाली, "ते असू दे. दार कधी येणार?"

हा पडदा आमच्या बाथरूमचा. दार फुगलं म्हणून सुतार ते रंधा मारायला घेऊन गेला, तो गेलाच. तेव्हापासून आत जाणाऱ्याने मोठ्याने गात राहायचं, असा घरात नियम झाला होता. त्यात रविवारी सासूबाई राहायला येणार! त्यांना पडद्याआड गायला लावलं असतं, तर मला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

मी पुरावे घेऊन सुताराच्या दुकानात धडकलो. "ऐका, स्वतःच्याच कानांनी ऐका!"

फोनमधला सुतार पुन्हा पुन्हा "उद्या नक्की, साहेब" म्हणत होता. समोरचा सुतार हातातलं काम टाकून मन लावून ऐकत होता.

"आवाज स्वच्छ आलाय," तो म्हणाला. "पण साहेब, मला न सांगता रेकॉर्ड केलंत? हे कायद्यात बसतं का?"

मी फोन खिशात टाकून तिथून सटकलो! बाहेर येऊन वकील मेहुण्याला फोन लावला.

"अवलंबून आहे, भाओजी."

"कशावर?"

"कुठे केलंत, कशासाठी केलंत, कुणाला ऐकवलंत, यावर."

"अरे, त्यालाच ऐकवलं!"

"धन्य आहे! आता निदान त्याची संमती तरी घ्या."

घरी येऊन सुताराला फोन केला. त्याने मोठ्या मनाने संमती दिली. फक्त दारासाठी तगादा लावायचा नाही, एवढीच अट! तुरुंगापेक्षा पडदा बरा, म्हणून मी कबूल झालो.

"पण संमती दिली याला पुरावा काय?" बायकोने विचारलं.

"रेकॉर्ड केलंय ना!"

"त्याला सांगून?"

मी निमूटपणे पुन्हा फोन लावला. "हा कॉल रेकॉर्ड होतोय बरं का."

"बरं केलंत, सांगितलंत ते. मीही करतोय. चालेल ना?"

"चालेल की!" केवढा सज्जन माणूस, मला भरूनच आलं.

"मग साहेब, दाराची घाई नाही, असं एकदा स्पष्ट बोला."

मी स्पष्ट बोललो.

रविवारी सासूबाई आल्या आणि पडद्यासमोर थबकल्या. "जावईबापू, दार?"

"जरा कायदेशीर अडचण आहे."

त्यांनी माझ्याच फोनवरून सुताराला गाठलं. त्याने त्यांना माझाच आवाज ऐकवला: "मला दाराची अजिबात घाई नाही!"

"त्यांना नसेल, मला आहे! दार आत्ताच्या आत्ता घेऊन या!" सासूबाई कडाडल्या. मग टॉवेल, साबण आणि खबरदारी म्हणून माझा फोन घेऊन त्या पडद्याआड गेल्या आणि गाऊ लागल्या.

थोड्याच वेळात आत फोन वाजला. गाणं थांबलं.

"कोण? रेकॉर्ड होतंय? होऊ द्या! पण आत्ता नको, नंतर सवडीने या!"

सुतार दार डोक्यावर घेऊन खाली उभा होता, हे आम्हाला मागाहून कळलं. तो सवडीनेच येणार आहे. तसा पुरावा आहे त्याच्याकडे, आणि तोही रीतसर सांगून घेतलेला!