पाठीवरचे नऊ वॉशर

"कापाकापी डॉक्टरांनी करावी. त्यात मी पडणार नाही. पण नवा खुबा मीच निवडणार!"

भाऊंनी हे जाहीर केलं तेव्हा ते दुकानाच्या गल्ल्यावर एका कुल्ल्यावर बसले होते, कारण दुसऱ्या बाजूचा खुबा आता बसू देत नव्हता. अडतीस वर्षं त्यांनी खिळे, स्क्रू, कड्या आणि मुख्य म्हणजे बिजागऱ्या विकल्या. सगळी गल्ली त्यांना बिजागरीभाऊ म्हणायची. दार नुसतं कुरकुरलं तरी बाहेरून सांगत, वरची गेलीय की खालची. असा माणूस स्वतःची बिजागरी दुसऱ्याला निवडू देईल? शक्यच नाही!

अडचण एकच होती. भाऊंना धातूची ॲलर्जी होती. पट्ट्याच्या बकलानं बेंबीजवळ चट्टा उठायचा, घड्याळानं मनगट सुजायचं. आयुष्यभर माणूस सुती हातमोजे घालून लोखंड विकत आला. गोळ्या-बिस्किटवाल्याला मधुमेह असावा, तसला प्रकार!

आणि घाईही होती. दुकानाच्या मागच्या खोलीत एक लाल सायकल उभी होती, नातीची. तिच्या आईला, म्हणजे भाऊंच्या लेकीला, सायकल भाऊंनीच शिकवली होती, मागून सीट धरून. नातीनं बजावून ठेवलं होतं, "माझी सीट आजोबाच धरणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही!" भाऊंनी शब्द दिला होता. पण भाऊ सध्या दुकानाच्या दारापासून गल्ल्यापर्यंत दोन मुक्काम करून पोचत होते.

हाडांच्या डॉक्टरीणबाई वयानं लेकीएवढ्या. भाऊंनी खिशातून वही काढली.

"गंजतो का?"

"नाही."

"आवाज करतो का?"

"सहसा नाही."

"वर्षातून एकदा तेल?"

"भाऊ," बाई हसू दाबत म्हणाल्या, "आधी तुम्हाला कोणता धातू चालत नाही ते बघू. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. पाठीवर छोटे छोटे नमुने चिकटवतात, दोन दिवस ठेवतात, मग बघतात. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळेल."

तीन आठवडे! बाहेर येताच भाऊ बायकोला, म्हणजे गल्लीच्या काकूंना, म्हणाले, "नमुने चिकटवायला डॉक्टर कशाला? नमुन्यांचं तर आपलं दुकान आहे!"

"अहो, पण..."

"पण नाही नि बिण नाही. तू फक्त चिकटव."

त्याच दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत भाऊ सदरा काढून पालथे पडले. बाजूला नऊ वॉशर मांडलेले. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम, साधं लोखंड, जस्त चढवलेलं, स्टीलच्या दोन जाती, आणि चकचकीत मुलामा दिलेले दोन. चिकटवायला काय? खोकी बंद करायची रुंद तपकिरी पट्टी! भाऊ म्हणाले, "ही पट्टी समुद्रात सुटत नाही." काकूंनी प्रत्येक वॉशर पाठीवर ठेवला, वरून पट्टी दाबली आणि मार्करनं आकडे घातले. शेवटी पाठ अशी दिसायला लागली की वर पत्ता लिहिला असता तर भाऊ पार्सलनं कुठंही गेले असते.

दोन दिवस अंघोळ बंद. रात्री कूस बदलली की पाठ किणकिणायची. दुसऱ्या दिवशी नळदुरुस्तीवाला आला.

"भाऊ, अर्ध्या इंचाचा पितळी वॉशर."

"एकच उरलाय."

"एकच हवाय."

"आहे, पण वापरात आहे. परवा ये."

"वापरात? कुठं?"

भाऊंनी पाठ वळवली आणि सदरा वर केला. नळवाला आकडे वाचत मागे मागे सरकला आणि तसाच पायरी उतरला. तो परवाही आला नाही.

तिसऱ्या दिवशी पट्टी काढली. म्हणजे काकूंनी ओढली आणि भाऊंनी जो आवाज काढला, त्यानं समोरचा सुतार रंधा टाकून धावत आला. पाठ लालभडक झाली होती! मानेपासून कमरेपर्यंत एकच भडका. भाऊ दोन आरशांमध्ये उभे राहून बघत होते.

"एक लाल. दोन लाल. तीन... अगं, नऊच्या नऊ!"

"अहो, मधे मधे गोल गोल पांढरं दिसतंय," काकू म्हणाल्या.

"तुला काय कळतंय धातूतलं!"

काकू गप्प बसल्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली की गप्प कधी बसायचं आणि ते पुढं कधी वापरायचं, हे बायकांना बरोबर कळतं.

भाऊ मात्र खचले. जगातला एकही धातू आपल्याला चालत नाही! मग बसवणार काय, बटाटा? ते लंगडत मागच्या खोलीत गेले. लाल सायकलीच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. सीटवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं. दारात सुतार उभा होता. त्याला भाऊंचा चेहरा बघवेना.

"भाऊ," तो घसा खाकरून म्हणाला, "लाकूड चालतं ना तुम्हाला?"

भाऊंनी मान वर केली. डोळे लकाकले!

पुढचे दोन आठवडे समोरच्या दुकानात जे चाललं, ते पाहणाऱ्यानं तोंडात बोटं घालावीत असं होतं. सुतारानं आधी भाऊंचं माप घेतलं, उभ्यानं आणि बसून.

"वाळवी लागली तर?" भाऊंनी विचारलं.

"आतून औषध मारतो."

"पावसाळ्यात फुगेल?"

"भाऊ, माझा दरवाजा फुगलाय का कधी?"

"माझ्या बिजागऱ्यांमुळे नाही फुगला!"

"बरं, पॉलिश मॅट की चकाकतं?"

"आत कोण बघतंय? मॅट कर," भाऊ म्हणाले. मग थोडं थांबून, "नाही, चकाकतंच कर. डॉक्टरीणबाई बघतील."

गोळा झाला, वाटी झाली, दांडा झाला. गोळा वाटीत असा फिरायचा, जसं लोण्यात बोट. भाऊंनी तो स्वच्छ रुमालात गुंडाळला आणि बायकोला व लेकीला घेऊन दवाखाना गाठला. लेक वाटभर म्हणत होती, "बाबा, रुमाल पिशवीत ठेवा. निदान आत जाईपर्यंत!"

डॉक्टरीणबाईंनी रुमाल उघडला. गोळा वाटीत दोनदा फिरवला. पॉलिशवरून बोट फिरवलं.

"काम सुरेख आहे," अखेर त्या म्हणाल्या. "पण हे काय आहे?"

भाऊंनी सगळं सांगितलं, नऊ वॉशर, दोन दिवस, नऊच्या नऊ लाल. पुरावा म्हणून लेकीच्या फोनमधला पाठीचा फोटोही दाखवला. बाईंनी फोटो मोठा केला, जवळ धरला, आणि मग त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"भाऊ, वॉशरच्या खाली बघा. सात ठिकाणी कातडी स्वच्छ आहे. गोल, पांढरी. लाली आहे ती वॉशरच्या भोवती, जिथं पट्टी चिकटली होती तिथं! तुम्हाला नऊ धातूंची नाही, खोक्याच्या पट्टीची ॲलर्जी आलीय!"

काकूंनी पदर नीट केला. वेळ आली होती.

"गोल गोल पांढरं दिसतंय, असं कुणीतरी म्हटलं होतं. कुणी बरं?"

भाऊ छतावरच्या पंख्याचे स्क्रू बघू लागले.

"आठ आणि नऊ नंबर मात्र खालीही लाल आहेत," बाई म्हणाल्या. "ते कोणते?"

"मुलाम्याचे. निकेलचे," भाऊ पुटपुटले.

"मला तोच संशय होता. पण खात्री खऱ्या चाचणीनंच होईल. तुमची तारीख कधी होती?"

लेकीनं शांतपणे सांगितलं, "उद्या."

खऱ्या चाचणीतही निकेलच निघालं. मग बाईंनी टेबलावर खरा सांधा ठेवला. "दांडा टायटॅनियमचा. गोळा सिरॅमिकचा. वाटीला आतून प्लॅस्टिकचं अस्तर. निकेलची भानगडच नको."

"सिरॅमिक म्हणजे चिनी मातीच ना?" काकू दचकल्या. "अहो डॉक्टर, ह्यांच्या हातून आठवड्याला एक कप फुटतो!"

"त्यापेक्षा पुष्कळ पक्कं असतं. आणि हा त्यांच्या हातात द्यायचाच नाहीये, काकू."

भाऊंनी गोळा कानाशी धरून फिरवला. वजन बघितलं. मग वहीत बरोबरची खूण केली आणि रुबाबात म्हणाले, "हाच निवडला मी."

शस्त्रक्रिया झकास झाली. जखमेवर लावायची पट्टीही बाईंनी आठवणीनं वेगळी वापरली. लाकडी खुबा आता दुकानात कागदांवर वजन म्हणून बसतो. गिऱ्हाईक विचारतं, "हे काय?" भाऊ म्हणतात, "माझा राखीव."

चार महिन्यांनी बाईंनी परवानगी दिली. पळायचं नाही, पण झपझप चाला. भाऊंनी त्याच सकाळी लाल सायकल गल्लीत काढली. सुतार दारात आला, लेक गॅलरीत आली. भाऊंनी सीट घट्ट धरली. डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

"घाबरू नकोस हं. आजोबा सोडणार नाहीत!"

"आजोबा," नात मागं वळून हळूच म्हणाली, "सोडा ना. मला येते!"

आणि टिंग टिंग करत गल्लीच्या टोकापर्यंत गेलीसुद्धा! भाऊ हात तसाच हवेत धरून उभे.

"कुणी शिकवली हिला?"

गॅलरीतून लेक आभाळाकडे बघायला लागली. सुतार आत रंधा शोधायला गेला. काकू पायरीवर बसल्या होत्या, गुडघा चोळत.

"तुमचा खुबा निवडून होईना, आणि पोर रोज सीटवरून हात फिरवून जायची," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही खाटेवर होता तेव्हा धावले मागून. महिनाभर. तेव्हापासून हा मेला गुडघा..."

भाऊंनी हवेतला हात खाली घेतला. मग तिच्या शेजारी पायरीवर बसले. अगदी सरळ, दोन्ही कुल्ल्यांवर. तिचा गुडघा हळूच वाकवून पाहिला आणि कान जवळ नेला.

"खालची गेलीय," ते म्हणाले, आणि खिशातून वही काढली.