शेवटच्या बाकावरचे धुरीमास्तर

धुरीमास्तरांना जिन्यात चुकवणं आमच्या इमारतीत कुणालाही जमायचं, फक्त मला जमायचं नाही. मी दुधाच्या बाटल्या घेऊन वर निघालो की तळमजल्यावरचं दार उघडायचं, खाकी कोट बाहेर यायचा आणि पाठोपाठ आवाज, "सर, एक डाउट होता. जिन्यापुरताच." मग कोटाच्या खिशातून खडू निघायचा आणि भिंतीवर इंटिग्रेशन सुरू व्हायचं. दूध नासायची वेळ यायची, डाउट काही संपायचा नाही.

जागेचं बंधन त्यांना नव्हतं. रॉकेलच्या रांगेत त्यांनी मला लिमिट्स विचारल्या आहेत. गणपतीच्या आरतीत टाळ वाजवता वाजवता कानाशी लागून, "इथे मायनस कुठून आला?" म्हणून विचारलं आहे.

मास्तर मरोळच्या बाजूला एका पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये लेथ शिकवायचे. शिक्षण आयटीआय, वय बावन्न, बायको गावी मालवणकडे, इथे एकटेच. मी अंधेरीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणिताचा लेक्चरर. लेथवरच्या माणसाला गणिताचं हे वेड का लागावं, हे मला बरेच दिवस कळलं नाही. जाणून घ्यायची मला गरजही वाटली नाही.

कारण साधं होतं. डिप्लोमाला चांगले मार्क पडले की डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळायचा. मास्तर आपली पोरं हेरायचे. कोणी कोळीवाड्यातलं, कोणी बंद गिरणीतल्या कामगाराचं. त्यांचे फॉर्म भरायचे, दाखल्यांसाठी कचेऱ्या झिजवायचे. पोरं आत जायची आणि गणितात आपटायची, कारण पहिल्या वर्षाचं गणित त्यांना कुणी शिकवलेलंच नसायचं. मग कॉलेज सोडून कुठल्या तरी कारखान्यात चिकटायची. "दोन सुताची फट आहे सर, भरून निघेल," मास्तर म्हणायचे. ती फट भरायला ते स्वतःच कॅल्क्युलस शिकायला बसले होते.

"डेरिव्हेटिव्ह म्हणजे टूल किती वेगानं सरकतंय, बरोबर ना? आणि इंटिग्रेशन म्हणजे खाली पडलेला सगळा कीस गोळा करून परत जॉब, म्हणजे मूळचा लोखंडी तुकडा, उभा करायचा." यावर मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना पोट धरून हसवलं. पुढे हेच उदाहरण माझं म्हणून वर्गात सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.

त्या वर्षी मास्तरांनी हेरलेली हेमलता आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला आली. वेसाव्याची. आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची. पहिल्या टर्मला पोरगी माझ्याच विषयात नापास झाली. आईनं सांगून टाकलं, आणखी एकदा नापास झालीस तर शिक्षण बंद, नोकरी धर. एकदा भर वर्गात ती उभी राहिली, "सर, हे आम्हाला डिप्लोमाला नव्हतं."

"मग फर्स्ट इयरला जाऊन बसा," मी म्हणालो. वर्ग हसला. मलाही बरं वाटलं.

पुढच्या मंगळवारी फर्स्ट इयरच्या वर्गात शिरलो, तर शेवटच्या बाकावर धुरीमास्तर. तोच खाकी कोट, गुडघ्यावर वही, माझ्याकडे बघून ओळखीचं हसू. अर्धी रजा टाकून आले होते. पोरं माना वळवून फिदीफिदी हसत होती. एकानं विचारलं, "सर, तुमच्या ओळखीचे आहेत का?"

अकरा वर्षांचा शेजार. माझ्या मुलीच्या बारशाला पाळणा बांधायला हेच माळ्यावर चढले होते.

"नाही," मी म्हणालो. "कोण तुम्ही? इथे काय काम आहे?"

मास्तर शाळकरी पोरासारखे ताडकन उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. "माफ करा साहेब. वर्ग चुकला," एवढंच म्हणाले आणि वही काखेत मारून निघून गेले. मला ते नेहमी सर म्हणायचे.

गुरुवारी वर्गाच्या मागच्या खिडकीत मला खाकी बाही दिसली. व्हरांड्यात उभं राहून, वही भिंतीला टेकवून मास्तर लिहीत होते. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायला लागलो. आवाज चढवला. कुणाशी भांडण झालं का, म्हणून शेजारच्या वर्गातले प्राध्यापक चौकशी करून गेले. टर्म संपेपर्यंत मी असा ओरडून शिकवत राहिलो. पण आत या, हे दोन शब्द काही माझ्या तोंडून निघाले नाहीत.

एका संध्याकाळी घरी येताना त्यांचं दार अर्धवट उघडं होतं. आत जमिनीवर हेमलता आणि आणखी तिघं बसली होती. मास्तर वहीतून वाचून दाखवत होते, माझं वाक्य न् वाक्य.

"मास्तर, सर तुम्हाला वर्गात बसू देतात?" हेमलतानं विचारलं.

"म्हणजे काय गो? पहिल्या बाकावर बसा म्हणून मागे लागले होते. मीच नको म्हटलं. कोटाला ऑइलचा वास येतो ना. देवमाणूस आहे. तू उगाच घाबरतेस त्यांना."

मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता वर गेलो. बायकोनं विचारलं, चपला हातात का? मी तिच्यावरच खेकसलो.

हेमलता पास झाली. काठावर नव्हे, चांगली पास झाली. निकालाच्या दिवशी दार वाजलं. ती पेढ्यांचा पुडा घेऊन उभी होती, दोरासुद्धा सोडलेला नव्हता.

"मास्तरांकडे गेले होते. त्यांनी घेतला नाही. म्हणाले, आधी वर जा. सरांनी मला वर्गात बसू दिलं म्हणून तू पास झालीस." असं म्हणून ती वाकली.

तिला खरं सांगायला हीच वेळ होती.

"अभ्यास असाच चालू ठेव," मी म्हणालो, दोरा सोडला आणि पहिला पेढा खाल्ला.