इन्कमवाल्या साहेबाचा पाहुणचार

नोकरी गेल्याचं पुंजाजीला जेवढं वाईट वाटलं नाही, तेवढं साडेतीनशे रुपये गेल्याचं वाटलं. नोकरीचं काय, हिंगोलीची ती जिनिंग फॅक्टरीच बंद पडली आणि मालकापासून हमालापर्यंत सगळेच घरी बसले. पण कामावरून कमी केल्याची जी भरपाई मिळायची होती, तिच्यातून फॅक्टरीच्या मुनिमानं इन्कम टॅक्स कापला आणि सरकारात भरूनही टाकला. एवढ्याशा रकमेवर टॅक्स बसतच नाही, हे त्या शहाण्याला मागाहून कळलं.

"सरकारी भानगड हाय बाबा, कापलेला बरा," मुनीम म्हणाला. "तू अर्ज कर. परत भेटते."

परत भेटते! जसं काही गावच्या बाजारात हरवलेलं वासरू.

आणि पुंजाजीला ते पैसे हवे होते ते चैनीसाठी नव्हे. बावीस वर्षं त्यानं मशीनला तेलपाणी केलं होतं. आता त्याला गावात पिठाची गिरणी टाकायची होती. गावच्या बाया दळण डोक्यावर घेऊन पार कनेरगाव नाक्यापर्यंत जात. नाक्यावरच्या दस्तगीर मिस्त्रीकडे एक जुनं ऑइल इंजन विकायला होतं. भरपाईचे पैसे त्यात गेले असते, कमी पडत होते ते नेमके साडेतीनशे. "दिवाळीपस्तोर थांबतो," दस्तगीर म्हणाला होता. "पुढं वाशिमचं गिऱ्हाईक उभं हाय. मंग मला बोल लावू नको."

पुंजाजी जिल्ह्याच्या गावाला इन्कम टॅक्सच्या ऑफिसात गेला. तिथल्या साहेबानं कागद पाहिले आणि म्हणाला, "पैसे मिळतील. दुसरं काही उत्पन्न नाही, असा तलाठ्याचा दाखला आणा."

सोपं काम. पुंजाजी उड्या मारत तलाठ्याकडे आला. तलाठी खुर्चीत रेलून म्हणाला, "पुंजाजी, तू इन्कम टॅक्स भरला का न्हाई?"

"मी कशाला भरू? मुनिमानं कापला."

"म्हंजे भरला. मंग टॅक्स भरणाऱ्या माणसाला उत्पन्न न्हाई, असं मी कसं लिहून देऊ? माझी नोकरी घालवून राहिला का?"

"पण साहेब, दाखला भेटला तर टॅक्स परत भेटते!"

"टॅक्स परत भेटू दे. मंग ये. दाखला देतो."

आता सांगा! पुंजाजीनं पुन्हा एस.टी. पकडली. ऑफिसातला साहेब म्हणाला, दाखल्याशिवाय पैसे नाहीत. तलाठी म्हणाला, पैसे आल्याशिवाय दाखला नाही. दोघांच्या मधल्या रस्त्यावर पुंजाजीचे एस.टी.च्या भाड्यात इतके पैसे गेले की कंडक्टर त्याला न विचारता तिकीट फाडू लागला. शेवटी पुंजाजीचं डोकं फिरलं. ऑफिसच्या दारात बसकण मारून तो म्हणाला, "आता मी इथंच राहतो. दोन टायमाचं जेवण द्या."

त्याच्या जेवणापेक्षा चौकशी स्वस्त पडेल असा विचार करून साहेब म्हणाला, "बरं बाबा, बुधवारी मी त्या बाजूला येतोच आहे. तुझं घर डोळ्यानं बघतो. तलाठ्यालाही बोलावून घेतो."

पुंजाजी दमून, चिडून घरी आला. बायकोनं, सोजराबाईनं, विचारलं, "काय म्हणले वो?"

"बुधवारी साहेब घर पाह्याला येऊन राहिला," एवढंच बोलून त्यानं तोंडावर धोतर ओढलं. इथं त्याचं चुकलं. साहेब घर कशासाठी पाहणार, हे त्यानं सांगायला हवं होतं.

कारण आपल्याकडे घर पाहायला कोण येतं? सोयरे येतात. आणि सोयरे येणार असले की काय करायचं, हे सोजराबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चार वस्तू आणून घराला घरपण आणायचं, पाहुणे गेले की ज्याचं त्याला परत. सगळा गाव हेच करतो. हा तर साडेतीनशे रुपये देणारा साहेब! दळभद्री घर बघून त्याला वाटायचं, या भिकाऱ्याच्या हाती पैसे देऊन काय उपयोग?

बुधवारी सकाळी पुंजाजी साहेबाला आणायला नाक्यावर जाऊन बसला आणि इकडे सोजराबाईनं कंबर कसली. जनकाबाईच्या घरून दोन खुर्च्या आणि चकचकीत पितळी घागरी आल्या. अमिनाबीनं नक्षीची चादर आणि फुलाफुलाच्या कपबशा दिल्या. चतुराबाईची दुभती म्हैस दारात बांधली. आणि तलाठी तालुक्याला गेला आहे हे पाहून त्याच्या बायकोनं, निर्मलाबाईनं, तर कपाटावरचा रेडिओच काढून दिला. "हळू न्या वं सोजराबाई. यायनं लई जपून ठेवला हाय. लोकाच्या नजरेला पडू देत न्हाईत."

साहेब काही एस.टी.नं आला नाही. सेनगावकडून कुणाच्या तरी जीपमधून आला आणि थेट दारात उतरला. नाक्यावर उन्हात वाळून पुंजाजी परतला, तेव्हा साहेब त्याच्याच घरात खुर्चीवर बसून फुलांच्या कपातून चहा पीत होता. मांडीवर कागद होता आणि तो लिहीत होता.

"या पुंजाजी," साहेब म्हणाला. आवाजात साखर नव्हती. "छान आहे हो तुमची गरिबी. म्हैस किती दूध देते?"

पुंजाजीनं म्हशीकडे पाहिलं. खुर्च्यांकडे पाहिलं. रेडिओकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. ती नवा पदर सावरून आनंदानं हसत होती.

"अगं, हे काय करून ठेवलं?"

"काहून? तुमीच त म्हणले, घर पाह्याला येऊन राहिले!"

"साहेब, यातलं माझं काहीबी न्हाई! मांगून आणलं समदं!"

"पकडले गेले की सगळे असंच म्हणतात," साहेब म्हणाला. "परताव्याचं सोडा, आणखी किती टॅक्स बसतो ते आता बघावं लागेल."

इंजन गेलं, गिरणी गेली, वर आणखी टॅक्स! आपण कुणाचं घोडं मारलं होतं, तेच पुंजाजीला कळेना.

पण खिडकीतून डोकावणाऱ्या एका म्हातारीनं एवढंच ऐकलं, की इन्कमवाला साहेब घरातली एकेक वस्तू लिहून घेतो आहे. लिहून घेतो म्हणजे जप्ती! बातमी गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत जनकाबाई धावत आली.

"सोजरे, माझ्या घागरी दे. आताच्या आता!" दोन घागरी काखेला मारून ती वळली आणि साहेबासमोर थबकली. "साहेब, जरा उठता का? खुर्ची आमची हाय."

साहेब उठला. तो खाटेवर टेकतो न टेकतो तोच अमिनाबी आली. "जरा सरको साब, चादर मेरी है." तिनं चादर ओढली, साहेबाच्या हातातल्या कपात बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, "पी लो जल्दी, मैं रुकती." बाहेर चतुराबाईनं म्हैस सोडली. जाताना खुंटाही उपटून नेला.

बघता बघता घर मोकळं झालं. उरली एक खाट, चुलीजवळची चार जर्मनची भांडी, हातात नुसता कागद घेतलेला साहेब आणि कोनाड्यातला रेडिओ.

एवढ्यात घाम पुसत तलाठी आत आला. "नमस्कार साहेब! मी काय म्हणत होतो, हा माणूस चांगला पैसेवाला..." आणि त्याची नजर रेडिओवर गेली.

"बरं झालं आलात," साहेब म्हणाला. "सगळ्यांनी आपापलं नेलं. हा रेडिओ कोणी नेला नाही. महागातला दिसतोय. कोणाचा हा? पोस्टाचं रेडिओ-लायसन आहे का? कशातून घेतला, मला विचारावंच लागेल."

सोजराबाईनं तोंड उघडलं. तलाठ्यानं तिच्याकडे असं काही पाहिलं, की तिनं ते मिटलं. पुंजाजीनं एकदा रेडिओकडे आणि एकदा तलाठ्याच्या कपाळावर नव्यानं फुटलेल्या घामाकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

"तलाठी साहेबाला समदं ठाऊक हाय," तो नम्रपणे म्हणाला. "त्यायलाच इचारा."

"हो, हो," तलाठी चाचरत म्हणाला. "त्याचाच हाय. फॅक्टरीतल्या लोकांनी निरोपाला भेट दिला बिचाऱ्याला."

"मघाशी तुम्ही पैसेवाला म्हणालात."

"छे छे! पैसेवाला कुठला! भेटीच्या या रेडिओशिवाय घरात काही न्हाई. उत्पन्न त न्हाईच न्हाई."

"मग तसं लिहून द्या."

तलाठ्यानं लिहून दिलं. खाली सही केली, शिक्का मारला आणि रेडिओकडे न बघता निघून गेला.

दिवाळीच्या आधी पैसे आले. इंजन आलं, गिरणी सुरू झाली आणि फळीवर रेडिओ लागला. दळण टाकून बाया गाणी ऐकत बसू लागल्या. एके दिवशी तलाठी स्वतः ज्वारीचा डबा घेऊन आला. दळण झालं तरी तो हलेना.

"आवाज चांगला हाय," शेवटी तो म्हणाला.

"लई चांगला," पुंजाजी म्हणाला. "लायसनबी काढून घेतलं बगा, माझ्या नावानं. तुमचा दाखला दाखवला, पोस्टातले काहीच बोलले न्हाईत."

तलाठ्यानं डबा उचलला.

"आन् साहेब," पुंजाजीनं मागून हाक मारली, "बातम्या ऐकू वाटल्या त येत जा. परके का तुमी?"