अमांक्वा मास्तरांचं दार

दार दुरुस्त करावं की बदलावं, हा प्रश्न वरवर साधा दिसला तरी त्यात माणसाची दूरदृष्टी, संयम आणि चारित्र्य अशा तिन्ही गोष्टी पणाला लागतात. घानातल्या कुमासी शहरातले निवृत्त भूगोलशिक्षक अमांक्वा मास्तर यांचं हे ठाम मत होतं, आणि या मताच्या आधारावर त्यांनी गेली कित्येक वर्षं काहीही केलेलं नव्हतं.

खिडक्यांच्या बाबतीतही त्यांचं धोरण तेच होतं. काचेची एखादी पट्टी फुटली की तिच्या जागी पुठ्ठा, पत्रा, नाहीतर शाळेतून आलेला जुना नकाशा कापून बसायचा. बैठकीच्या खिडकीत अर्धी आफ्रिका होती. काँगोच्या जागी भोक पडलं होतं आणि डास तिथूनच येत.

पुढचं दार मात्र ओडुमच्या अस्सल लाकडाचं, मास्तरांच्या वडिलांनी बसवलेलं. पावसाळ्यात ते फुगायचं. मग कडी धरून वर उचलायचं, आपल्याकडे ओढायचं आणि खालच्या कोपऱ्यात लाथ घालायची, की उघडायचं. घरच्यांना त्याचं काही वाटत नसे. पाहुणे बाहेरून "आगो!" असा आवाज द्यायचे, आतून "आमे, या या!" असं उत्तर जायचं, आणि मग बराच वेळ काहीच घडायचं नाही.

"अहो मास्तर, हे दार बदला आता," त्यांची बायको सेरवा म्हणायची. "लोखंडी घ्या. अख्ख्या गल्लीनं घेतलं."

"अख्खी गल्ली मूर्ख आहे. असलं लाकूड आता जंगलातसुद्धा उरलं नाही. याला फक्त जरा रंधा मारायला हवा."

"मग मारा की!"

"मारायचा की नाही, तेच तर ठरवतोय."

हे असंच चाललं असतं, पण मुलीचं, पोकुवाचं जमलं. मुलगा न्यामेकये सरकारी दवाखान्यात परिचारक होता, अबोल आणि कामसू. त्याच्या घरची माणसं येत्या शनिवारी रीतसर 'दार ठोठवायला' येणार होती. मुलाकडच्यांनी बाटल्या घेऊन यायचं, मुलीचं दार ठोठवायचं, आतून "कोण? काय काम काढलंत?" असं विचारलं जायचं, आणि मग बोलणी. पूर्वजांपासून असंच चालत आलेलं.

"माझ्या लेकीचं दार ठोठवायला माणसं येणार," सेरवा म्हणाली, "आणि तुम्ही आतून त्याला लाथा घालणार?"

एवढं झाल्यावर मास्तरांनी माघार घेतली. शुक्रवारी सकाळी बोआतेंग सुतार आला. त्याच्या दुकानापुढे रस्त्याच्या कडेला पलंग, दारं आणि शवपेट्या ओळीनं मांडलेल्या असत. त्यानं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, बोटांनी वाजवून पाहिलं.

"मास्तर, काय लाकूड आहे हो हे!"

"बघ!" मास्तर बायकोकडे वळून म्हणाले.

"संध्याकाळपर्यंत आणून बसवतो," असं म्हणून बोआतेंगनं दार हातगाडीवर घातलं आणि नेलं.

संध्याकाळी दुकानाला कुलूप. शेजारचा टायरवाला म्हणाला, "बोआतेंग? तो माम्पोंगला गेला. तिकडे मोठी मयत आहे, नात्यातलीच. आता सोमवारी."

वास्तविक शनिवारी अख्खी कुमासी कुठल्या ना कुठल्या मयतीला जाते, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. शुक्रवारी सुताराला दार देणं ही चूक भूगोल शिकवण्यात हयात घालवलेला माणूसच करू शकतो, असं सेरवा म्हणाली. आणखीही बरंच म्हणाली.

शनिवारी सकाळी दाराच्या चौकटीत एक फुलाफुलांचा पडदा लावला गेला. मुलीकडून बोलायला मास्तरांची बहीण तिवा आत्या आली होती. तिची जीभ अशी, की बाजारात भाव करायला लोक तिला घरून बोलावून नेत. तिनं पडदा पाहिला, भावाकडे पाहिलं आणि काही न बोलता खुर्चीत बसली. तिवा आत्या काही बोलली नाही म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

पाहुणे आले. पुढे मुलाचे चुलत आजोबा, बेदियाको काका, अंगावर पांढरंशुभ्र कापड आणि हातात कोरीव काठी. दुपारी त्यांनाही एका मयतीला जायचं होतं. तिथलं काळं-तांबडं कापड त्यांनी गाडीतच ठेवलं होतं. त्यांनी ठोठवायला काठी उचलली. काठी पडद्यात घुसली आणि पलीकडे सेरवाच्या पोटाला लागली.

"हे काय?" बेदियाको काका म्हणाले. "दार कुठाय?"

"सुताराकडे गेलंय, काका," मास्तर पडद्याआडून म्हणाले. "तुम्ही नुसतं आगो म्हणा, आम्ही आमे म्हणतो. घर तुमचंच आहे."

"आगो म्हणायचं ते शेजारणीकडे मीठ मागायला गेल्यावर. मुलगी मागायला दार लागतं. माझ्या पुतण्याच्या वेळी घाईघाईत नुसतं आगो म्हणून आत शिरलो. काय झालं? बायको सहा महिन्यांत माहेरी! लाकडावर ठोठावल्याशिवाय मी बाटली टेकवायचा नाही. तुमचं दार आलं की कळवा. मात्र नाताळपर्यंत माझे सगळे शनिवार मयतींना दिलेले आहेत."

आत पोकुवाचा चेहरा उतरला. न्यामेकयेची सप्टेंबरात उत्तरेकडे बदली होणार होती. नाताळनंतर म्हणजे लग्न पुढच्या वर्षावर, आणि तिकडच्या दवाखान्यात परिचारिका किती असतात याचा हिशेब तिनं आधीच मनात केलेला होता.

"दादा," तिवा आत्या हळूच म्हणाली, "घरात दुसरं दार नाही का?"

होतं. न्हाणीघराचं. मास्तरांनी ते उतरवलं, त्यावरचा टॉवेल काढला आणि चौकटीत नेऊन उभं केलं. ते वीतभर अरुंद होतं आणि त्याला धरणारं काही नव्हतं. म्हणून मास्तर स्वतः पाठीमागे उभे राहिले, दोन्ही हातांनी दार धरून.

ठक, ठक, ठक.

"कोण आहे?" तिवा आत्यानं खुर्चीतूनच विचारलं.

"वाटसरू आहोत. तुमच्या अंगणात एक फूल पाहिलं..."

बेदियाको काकांनी फुलाचं वर्णन सुरू केलं. मग मुळांचं. मग मुलाच्या घराण्याचं, ते कुठून आलं, वाटेत कोणत्या नद्या ओलांडल्या. मास्तरांच्या दंडाला पेटका आला. एक नदी तर चुकीच्या दिशेनं वाहत होती, पण दार धरलेल्या माणसाला हरकत घेता येत नाही. दार झुकू लागलं. तेवढ्यात ते बाहेरून कुणीतरी अलगद सावरलं.

"बाबा, सोडा एक हात," फटीतून दबका आवाज आला. "इकडून मी धरलंय."

न्यामेकये होता. रीतीप्रमाणे त्याला बोलायची परवानगी नव्हती.

"घट्ट धर हं," मास्तर कुजबुजले. "अजून दोन नद्या आहेत."

"तीन आहेत, बाबा. आजोबा शेवटी एक वाढवतात."

मुलगा चांगला आहे, असं मास्तरांचं मत त्याच क्षणी झालं. एवढ्या झटपट त्यांनी आयुष्यात काहीच ठरवलं नव्हतं. अखेर तिवा आत्या "आमे!" म्हणाली, सासऱ्या-जावयानं मिळून दार उचलून बाजूला केलं, आणि पाहुणे आत आले. बाटल्या ठेवल्या, मुलीला विचारलं, मुलगी हो म्हणाली. फुफू आणि शेळीच्या रश्श्यावर सगळ्यांनी हात मारला. न्हाणीघर कुठे आहे असं बेदियाको काकांनी विचारलं, तेव्हा मास्तर तेच दार घेऊन त्यांच्या मागोमाग गेले, आणि काकांचं काम होईपर्यंत बाहेर ते धरून उभे राहिले. काकांनी आतून ठोठावलं.

"कोण? काय काम काढलंत?" मास्तर म्हणाले. दोघंही हसले, आणि मग काका मयतीच्या घाईनं निघून गेले.

रविवारी संध्याकाळी काकांचा फोन आला. लग्न ऑगस्टअखेर करू, त्यासाठी एक मयत सोडतो म्हणाले. मग कालची मयत कशी थाटात झाली ते सांगू लागले.

"माम्पोंगला होती. काय पेटी होती हो मास्तर! अस्सल ओडुम. मेलेला माणूस हट्टी, ओडुमशिवाय पुरू नका म्हणून सांगून गेलेला. एवढ्या घाईत ते लाकूड कुठून मिळवलं कोण जाणे. सुताराचं लोकांनी फार कौतुक केलं. फक्त झाकणाला एका कडेनं किल्लीचं भोक होतं. ते काही कुणाला कळलं नाही."

मास्तरांनी फोन ठेवला आणि चौकटीतला फुलाफुलांचा पडदा नीट ओढून घेतला.

"काय म्हणाले?" सेरवानं विचारलं.

"दार बदलावं लागेल," मास्तर म्हणाले.